जे भावे ते

माझ्या आई-बापाचं लग्न झालेलं नव्हतं. हे वाचून कुणाला भुवया चढवायच्या असतील तर खुशाल चढवाव्यात. तलासरीकडच्या आमच्या पाड्यात त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाने आईला मागणी घातली, दोन्हीकडची माणसं अंगणात बसली, ताडी प्याली, बोलणी झाली आणि आई घरात आली. लग्न मागाहून. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, पाहुण्यांना लुगडी, मांडव, वाजवणारे, दोन-तीन दिवस नाच. तेवढी ऐपत येईल तेव्हा करायचं. आमच्या घरी ती आलीच नाही.

पहिल्या वर्षी भात आडवं पडलं. दुसऱ्या वर्षी दादा झाला. मग बा भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला आणि आई दादाला पाठीशी बांधून त्याच्या मागून गेली. मी भट्टीवरच चालायला शिकले, असं आई सांगायची. पावसाळ्यात घरी यायचं, भात लावायचं, दिवाळी झाली की पुन्हा भट्टी. घरचा तांदूळ श्रावण संपायच्या आत संपायचा. मग आई रानातले कडू कंद आणून उकडायची, पाणी फेकायची, पुन्हा उकडायची. कितीही उकडले तरी शेवटी थोडा कडूपणा राहायचाच, आणि आम्ही ते भात खावा तसे खायचो. पुढे भट्टी सुटली आणि दोघं नरपडला एका वाडीत चिकू काढायला जाऊ लागली. पोट बरं भरायला लागलं, पण लग्नाएवढं काही हाती आलं नाही.

माघ आला की पाड्यातली म्हातारी माणसं बाला विचारायची, "काय, यंदा मांडव का?"

"यंदा नाय. पुढच्या माघात," बा म्हणायचा. हे मी इतक्या वेळा ऐकलं की लहानपणी मला 'पुढचा माघ' हा एखादा गाव वाटायचा, लांबचा, जिथे एसटी जात नाही.

लग्न न लागलेल्या बाईला आमच्यात कुणी वाईट बोलत नाही. पण दुसऱ्याच्या लग्नात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायला सवाशिणी बसतात, त्यांच्यात तिला जागा नसते. आई त्यांना तांदूळ वाटून द्यायची आणि चुलीपाशी निघून जायची. शिवाय आमच्या घराची रीत अशी की आई-बापाचं लागल्याशिवाय मुलाचं लागत नाही. त्यामुळे दादाही तसाच राहिला. वहिनी घरात आली, दोन मुलं झाली, थोरली पोरगी शाळेत जायला लागली, तरी दादा बिनलग्नाचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लग्नाविना कुणी गेलं तर ते देणं डोक्यावर घेऊनच जातं, असं आमची माणसं मानतात. मागे राहिलेल्याला ते मग कुणाबरोबर फेडायचं?

मी शिकले. आश्रमशाळा, मग कॉलेज. २०१५ साली मी बी. ए. झाले, आमच्या पाड्यात पहिली. हे मी जिथे तिथे सांगते आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. डहाणूला चिकूच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली. वाडीवाल्यांशी गुजराती, ट्रकवाल्यांशी हिंदी, कचेरीत मराठी आणि घरी आमची बोली. दिवसभर चार भाषांतून मी चिकूच बोलत असायचे. हे सगळं आमच्या बोलीत लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला अर्धंच कळलं असतं, म्हणून घरच्या माणसांचं बोलणंही इथे मराठीत आणून लिहिते आहे.

२०१७च्या पावसाळ्यात मी घरात जाहीर केलं, "येत्या माघात मांडव. आधी आई-बाचं, मग दादाचं. एकाच मांडवात."

बा हसायला लागला. "माझे केस बघ. हळद लावली तर केसांनाही लागंल, पांढरे ते पिवळे होतील."

"तुझे केस कोण बघतंय?" आई म्हणाली. "लोक नवरी बघतात."

ती खूश होती. संध्याकाळी ती शेजारच्या म्हातारीकडे गेली. ही म्हातारी धवलेरी. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो, बाई असते. ती गाणी म्हणते आणि लग्न लावते, तिला धवलेरी म्हणतात. आईने तिला माघासाठी सांगून ठेवलं.

भाद्रपदात आईचे डोळे पिवळे झाले.

कावीळ म्हटली की आमच्याकडे पहिली धाव भगताकडे. त्याने पाला दिला, गळ्यात मुळी बांधली आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, मिरची नाही, सुकी मासळी नाही, ताडीचा थेंब नाही. मी सरकारी दवाखान्यातही नेलं, तिथेही तेलकट बंद. आई पथ्याची पक्की. बिनमिठाची पेज पीत ती समोर बसायची आणि आमच्या ताटातल्या बोंबलाकडे असं बघायची की आमचाच घास अडायचा. कावीळ काही उतरेना. उलट पोटात, मग पाठीत दुखायला लागलं आणि अंगावरचं मांस गेलं.

दिवाळीनंतर मी रजा काढली आणि तिला अच्छाडच्या पलीकडे, गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. आम्हाला मुंबईपेक्षा ते जवळ. बा बरोबर होता. तपासण्या झाल्या. मग आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टर वयस्कर होते, बोलायला मऊ. आई स्टुलावर, बा दाराशी उभा. डॉक्टरांनी आम्हा तिघांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून गुजरातीत बोलायला लागले. माझ्या पायात चपला होत्या आणि खांद्याला पर्स होती, म्हणून असेल. त्यांनी सांगितलं ते असं, की स्वादुपिंडात गाठ आहे, कॅन्सरची, ती लिव्हरपर्यंत गेलेली आहे. ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नाही. दुखण्याच्या गोळ्या लिहून देतो. होळी दिसेल का, सांगता येत नाही.

"घरे लई जाव," ते म्हणाले. मग आईकडे बघून त्यांनी आवाज मोठा केला, हसले आणि म्हणाले, "जे भावे ते खवडावो."

मी विचारलं, "हिला सांगू?"

"शुं काम?" कशासाठी? जेवढे दिवस आहेत तेवढे आनंदात जाऊ द्या, असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिले.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पण आई नरपडच्या वाडीत इतकी वर्षं गुजराती ऐकत आलेली. गाठ, लिव्हर हे ते हळू आणि भरभर बोलले, ते तिला उमगलं नाही. 'जे भावे ते' मात्र ते खणखणीत बोलले. आणि 'जे भावे ते' गुजरातीतही तेच, मराठीतही तेच.

बाहेर पडताच तिने माझा दंड धरला. "ऐकलंस का? जे भावे ते! पथ्य गेलं!"

बाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तो म्हणाला, "चला, गाडी बघू."

आईचा हिशोब सरळ होता. कावीळ असते तोवर पथ्य असतं. मोठ्या डॉक्टरने पथ्य काढलं, म्हणजे कावीळ गेली. हा घोटाळा शहरातल्या माणसाचा झाला नसता. त्याला 'घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला' याचा अर्थ चांगला ठाऊक असतो. आईने आयुष्यात पहिल्यांदाच एवढा मोठा डॉक्टर पाहिला होता आणि त्याने तिला बोंबील खायची परवानगी दिली होती.

पाड्यात पोचल्यावर ती घरात शिरलीच नाही. आधी दारोदार. "बरी झाले गं! डॉक्टर बोलला, जे भावे ते खा!" धवलेरी म्हातारीला तर तिने डॉक्टरच्या आवाजात बोलून दाखवलं. मला ऑर्डर सुटली, "उद्या डहाणूहून येताना सुके बोंबील आण. नरपडवाल्या बायका बसतात ना, त्यांच्याकडचे. जाडे आण, काड्या नको."

आणि दोन दिवसांनी, माझ्यासमोर बोंबील भाजत, ती म्हणाली, "लग्न यंदा नको."

"का?"

"आता घाई कसली? तेव्हा मी घाबरले होते, वाटत होतं काय होतंय नि काय नाय. आता बरी झाले. यंदा घरावर पत्रे चढवू. अंगावर जरा मांस येऊ दे. नवरी अशी काटकी बरी दिसते का? पुढच्या माघात नाचेन."

पुढचा माघ.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, आई झोपली होती तेव्हा आम्ही तिघं मागच्या अंगणात बसलो. दादा अच्छाडला हायवेवर टायरच्या दुकानात कामाला. तो तसाच काळ्या हातांनी आला होता. मी सगळं सांगितलं. दादा काळे हात मातीत घासत राहिला. मग म्हणाला, "आईला सांगायचं नाय."

"ती लग्न पुढच्या वर्षावर ढकलते आहे," मी म्हटलं.

"आपण तिला पटवू. पण ते सांगायचं नाय. काकाला सांगितलं, तसा पाचव्या दिवशी गेला."

"काका सांगितल्यामुळे गेला नाही. पोटात पाणी झालं होतं म्हणून गेला."

"तू शहाणी. बी. ए. झालीस ती काय यमाची पोस्टमन व्हायला?"

बा मध्ये पडला. "भांडू नका. आधी पटवून बघू."

मग पटवापटवी सुरू झाली, आणि माझ्या आईला पटवणं काय असतं ते दादाला कळलं.

दादा म्हणाला, "आई, यंदा मांडव स्वस्तात होईल. ओळखीचा माणूस आहे."

"मांडवाला उंबराच्या फांद्या लागतात. त्या कधी महाग झाल्या?"

बा म्हणाला, "भगत सांगतो, यंदाचं साल चांगलं."

"तो दरवर्षी हेच सांगतो. मागच्या साली पण चांगलंच होतं, भात करपलं."

वहिनीला पुढे केलं. वहिनी म्हणाली, "आत्या, माझी पोर मोठी होते आहे. शाळेत विचारतात, आई-बापाचं लग्न झालं का?"

"मग सांग म्हणावं, आमच्या आजीचंही नाय झालं." आणि आई स्वतःच इतकी हसली की पोट धरून खाली बसली. पोट धरून बसली ती उठेना. दुखत होतं. थोड्या वेळाने घाम पुसत म्हणाली, "बोंबील जास्त झाले."

हे असं चाललं तोवर पौष लागला. दिवसागणिक ती उतरत होती आणि प्रत्येक उतरण्याला तिच्याकडे कारण होतं. बोंबील, थंडी, म्हातारपण. गोळी घेतली की दोन-तीन तास बरं वाटायचं आणि त्या वेळात ती पत्र्यांचं बोलायची, कुठल्या बाजूला उतार द्यायचा, पागोळी कुठे पडेल. मी ऐकायचे. मला राग यायचा. आईचा नाही, आमचा. आम्ही तिघं, घरातली तीन धडधाकट माणसं, तिला फसवून मांडवात आणायला बघत होतो आणि ती एकटी, कशाचाही पत्ता नसताना, आमचा प्रत्येक डाव पाडत होती. लग्न तिचं. मरण तिचं. ठरवायचं कुणी?

पुष्कळ लोक म्हणतात, आजाऱ्याला सांगू नये, धीर सुटतो. शिकलेले म्हणतात, न शिकलेलेही म्हणतात. मी तेव्हाही त्यांचं ऐकून घेतलं आणि आताही घेते. पण माझ्या आईने भट्टीच्या झळा सोसल्या, कडू कंद खाल्ले, आम्हाला खायला घातले. एक पोर भट्टीवर गेलं, माझ्या आधीचं, ते तिने तिथेच मातीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी विटा थापल्या. तिच्या धीराची काळजी मी करायची? तिला जे कमी पडत होतं तो धीर नव्हता. तिला खबर कमी पडत होती.

रविवार होता. सकाळची उन्हं अंगणात आली होती. आई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. तेवढं काम ती अजून करायची. बा आणि दादा लाकडं आणायला गेले होते. मी तिच्यासमोर बसले.

"आई, तो डॉक्टर 'जे भावे ते' का म्हणाला, माहीत आहे?"

"बरी झाले म्हणून."

"नाही. पथ्य पाळून काही फरक पडणार नाही, म्हणून म्हणाला."

तिने खडा बाजूला टाकला. "म्हणजे?"

"कावीळ नाही ती. आत गाठ आहे. कॅन्सर. ऑपरेशन होत नाही. औषध आहे ते दुखण्यापुरतं आहे."

ती सुपातच बघत होती. बोटं चालू होती. आणखी एक खडा निघाला, तोही तिने टाकला.

"म्हणजे जायचं."

"हो."

"कधी?"

"होळीच्या आसपास. नक्की त्यालाही सांगता आलं नाही."

शेजारच्या अंगणात कुणीतरी कोंबड्यांना हाकललं. मग आईने सूप खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "आणि मी मेली सगळ्या पाड्याला सांगत फिरले, बरी झाले, बरी झाले!"

मला हसूही आलं आणि रडूही. ती मात्र रागावली होती. "तुझ्या दादाला माहीत?"

"हो."

"बाला?"

"त्याच दिवसापासून."

"सुनेला?"

"हो."

"म्हणजे या घरात अडाणी मी एकटीच." ती उठली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी ती जेवली नाही.

बा आणि दादा आले. दादाला कळलं तेव्हा त्याने लाकडाची मोळी अंगणात आपटली. "समाधान झालं? शिकलीस ते हेच करायला?" बाने माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. मी सांगते ते खरं सांगते. तो दिवस वाईट गेला. आई जर तशीच भिंतीकडे तोंड करून राहिली असती, तर माझ्याकडे दादाला द्यायला उत्तर नव्हतं. तरी मी सांगायला नको होतं, असं मला एकदाही वाटलं नाही.

सकाळी आई उठून ओट्यावर आली. तिने आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"मांडव कधी घालताय?"

बा म्हणाला, "तू म्हणशील तेव्हा."

"मग पत्र्यांचं राहू दे. माघ लागू दे, की घाला. मुहूर्ताला चंद्र बघत बसू नका. आणि ऐका, मला उभं राहवणार नाय फार वेळ, तेव्हा धवलेरीला सांगा, गाणी थोडी आखडून घे. दारू कमी. भांडणं माझ्या लग्नात नकोत. पाहुण्यांना खरं काय ते सांगा, नाय तर येणारच नायत, म्हणतील पुढच्या वर्षी बघू." मग दादाकडे बघून, "आणि तू. लपवायला आलं, तसं पटवायला येत नाय तुला. स्वस्त मांडव म्हणे!"

दादा खाली बघून हसला आणि मग ओट्याच्या खांबाला डोकं टेकून रडला. आईने त्याच्या केसांतून हात फिरवला. "काळे हात लावू नको डोळ्यांना," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून घरात कुजबुज बंद झाली. दुखायचं तेव्हा ती "दुखतंय" म्हणायची, बोंबलावर ढकलायची नाही. मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या वाढवून आणल्या, कारण आता ती नेमकं कुठे आणि किती दुखतं ते सांगत होती. माणसं भेटायला यायची, तीही नुसती "बरं वाटेल हां" म्हणून उठून जायची नाहीत. जुनी भांडणं निघाली, मिटली. एक मावशी कधीपासून अबोला धरून होती, ती आली आणि दोघींनी आधी एकमेकींना शिव्या घातल्या, मग एका ताटात जेवल्या.

माघात मांडव उभा राहिला. उंबराच्या फांद्या, वर पेंढा. सवाशिणींनी आतल्या भिंतीवर चौक लिहिला. हळदीला आईला पाटावर बसवलं तेव्हा तिचं अंग आधीच काविळीने पिवळं धम्मक. ती बायकांना म्हणाली, "माझ्यावर हळद कशाला नासवता? मी घरूनच लावून आले."

बायका आधी दचकल्या. हसावं की नाही, कळेना. मग धवलेरी म्हातारी खदखदून हसली आणि सगळा मांडव हसला. खरं सांगितलेलं नसतं तर हा विनोद तिला करता आला नसता, आणि आम्हाला हसता आलं नसतं.

बा पांढरा सदरा घालून, डोक्याला फडकं बांधून आला. धवलेरीने त्याला अडवलं. "नवरा लई जून दिसतो. दुसरा नाय का मिळाला?"

आई म्हणाली, "बघितला होता. तोही पुढच्या माघातच येणार होता."

लग्न लागलं. आई थोडा वेळ उभी राहिली, मग खुर्चीवर बसली, बा शेजारी उभा राहिला. गाणी आखडून घे म्हणून सांगितलेलं असूनही धवलेरीने एकही ओळ गाळली नाही, आणि आईनेही तिला थांबवलं नाही. मग त्याच मांडवात दादा आणि वहिनी उभी राहिली. दादाची पोरगी वऱ्हाडात सगळ्यांत पुढे, आपल्याच आई-बापाच्या लग्नात नाचत होती. बाने मला हाक मारली आणि माझ्या हातून पाणी मागून घेतलं.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. शेवटी शेवटी तिला पाणीही घशाखाली उतरेना. पण बा तिच्याजवळ बसून काय वाटेल ते बोलू शकायचा. मी गेल्यावर गाय विकू नको, आपल्या पोरीच्या लग्नाची घाई करू नको, तिला हवा तसा बघू दे, असं तीही त्याला सांगायची. यातलं काहीही "बरी होशील" म्हणणाऱ्या घरात बोलता आलं नसतं.

होळीची लाकडं पाड्यात रचायला घेतली होती तेव्हा ती गेली. सकाळी, घरात, बाच्या मांडीवर डोकं ठेवून.

त्यानंतर पाड्यात कुणाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असलं की मला बोलावतात. आत डॉक्टरांसमोर बोलायला मी असते. पण मी आता आत जायच्या आधीच आजारी माणसालाच विचारते, "जे कळेल ते सगळं तुला सांगू का?" बहुतेक जण हो म्हणतात. २०१९ मध्ये नरपडच्या वाडीत राखणीला असलेला एक म्हातारा माझ्याबरोबर आला होता. तो म्हणाला, "मला नको सांगू. माझ्या पोराला सांग." मी त्याच्या पोराला सांगितलं आणि म्हाताऱ्याला काही सांगितलं नाही. त्याने ठरवलं ते ठीक. माझं म्हणणं तेवढंच आहे, की ठरवायचं त्याने. डॉक्टरने नाही, दादाने नाही, बी. ए. झालेल्या पोरीनेही नाही.

दादा अजून म्हणतो, मी दगडाच्या काळजाची. वर हेही सांगतो, की मला काही झालं तर दवाखान्यात हिलाच बरोबर न्या, ही खरं सांगेल.

आईचं लग्न झालं. बाचं झालं. दादाचं झालं. देणं न ठेवता आई गेली, आणि जाण्याआधी जे ठरवायचं होतं ते सगळं तिने स्वतः ठरवलं.